हवामानबदलाला वर्दी घातली की

माझ्या लॅपटॉपमध्ये एक जुनी पीपीटी आहे, तिच्यातली सातवी स्लाइड एकेकाळी माझी फार लाडकी होती. पहिल्या सहा स्लाइड म्हणजे नेहमीचंच, बर्फाच्या तुकड्यावर अडकलेलं अस्वल, वर वर चढत जाणारा तापमानाचा आलेख, पूर, दुष्काळ, आणि तोवर सोसायटीच्या हॉलमधली निम्मी मंडळी मोबाईलमध्ये घुसलेली असायची, मागच्या रांगेत कुणीतरी चहा कधी येणार ते विचारत असायचं. मग सातवी स्लाइड. सियाचीन. बर्फात उभा असलेला जवान, मागे हिमनदी, वर जाड अक्षरात "हवामानबदल : देशाच्या सुरक्षेला धोका". ती आली की खुर्च्या सरकल्याचा आवाज यायचा, काका लोक चष्मे वर करायचे. आम्ही तीन-चार जण मिळून रविवारी हे उद्योग करायचो, डोंबिवली, कल्याण, ठाणे, कधी कॉलेजात तर कधी गणेश मंडळात, आणि आमचं ठरलेलंच होतं की लोक पेंगायला लागले की सियाचीन काढायचं.

जानेवारी २०२० मध्ये अशाच एका हॉलमध्ये मी आठव्या स्लाइडवर होते. बांगलादेश. समुद्र वर आला की तिथला किनारा कसा पाण्याखाली जाईल, किती लोकांना घरदार सोडावं लागेल हे सगळं मी अगदी कळवळून सांगितलं. नागरिकत्वाच्या वादाचे, सीएए-एनआरसीचे दिवस होते, टीव्हीवर रात्रंदिवस तेच चाललेलं. पहिल्या रांगेतले एक रिटायर्ड काका, अत्यंत सज्जन माणूस, सोसायटीतला कंपोस्टचा खड्डा त्यांनी स्वतः कुदळ घेऊन खणलेला, ते उठून म्हणाले, "अगं, एकदम पटलं तुझं. म्हणजे आता कुंपण अजून उंच करायला पाहिजे, बरोबर ना?"

मला दोन मिनिटं काय बोलावं कळेना. कारण काकांचं काही चुकलंच नव्हतं. मी एका स्लाइडवर बंदूकवाला जवान दाखवला, पुढच्या स्लाइडवर सीमेपलीकडून येणारी माणसं दाखवली, त्यांनी बेरीज केली, झालं. बांगलादेशातला माणूस वर्षाला सरासरी एक टनही कार्बन डायऑक्साइड सोडत नाही आणि अमेरिकेतला जवळपास चौदा टन सोडतो, हे माझ्या स्लाइडवर खाली बारीक अक्षरात होतं. तिथे किनारा सोडणारी बहुतेक माणसं ढाक्याला किंवा आपल्याच देशात कुठेतरी जातात, सीमा ओलांडत नाहीत, हेही होतं. पण एकदा जवान पाहिल्यावर बारीक अक्षरं कोण वाचतंय.

तेव्हापासून डोक्यात जो किडा वळवळायला लागला त्याचं आता मत झालंय, ते सांगते. सुरक्षा हा शब्द घेतला की ऐकणारे वाढतात, हे शंभर टक्के खरं. पण त्या शब्दाचा सातबारा आपल्या नावावर नाही. आपण त्यात राब राब राबतो आणि पीक दुसराच उचलून नेतो, आणि वर कधीतरी आपल्यालाच तिथून हुसकावून लावतो.

हा शब्द पर्यावरणवाल्यांनी का उचलला ते समजण्यासारखं आहे. २००७ हे साल बघा. एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या अकरा निवृत्त जनरल आणि अ‍ॅडमिरल लोकांच्या गटाचा रिपोर्ट आला, त्यांचं म्हणणं असं की हवामानबदल स्वतः युद्ध करत नाही पण आधीच पेटलेल्या ठिकाणी तेल ओततो. त्याच महिन्यात, १७ एप्रिलला, ब्रिटनच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत या विषयावर पहिल्यांदा चर्चा झाली. तोवर पर्यावरण म्हणजे झोळीवाले, झाडांना मिठ्या मारणारे असा समज आणि आता छातीवर पदकं लावलेली माणसं तेच बोलायला लागली, म्हटल्यावर चळवळीला हुरूप येणारच की. आणि काहींच्या बाबतीत तो शब्द खोटाही नव्हता. प्रशांत महासागरातल्या बेटांच्या प्रतिनिधीने त्या चर्चेत सांगितलं की आमच्यासाठी हा धोका बंदुका आणि बॉम्बइतकाच गंभीर आहे, त्याला मी काय उत्तर देणार? ज्याचा अख्खा देशच पाण्याखाली जाणार त्याने सुरक्षा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाहीये. ज्यांच्या पायाखाली जमीन शाबूत आहे त्यांनी हा शब्द काय करायला वापरला, त्याबद्दल आहे.

सुरक्षेचा प्रश्न म्हटलं की उत्तरही सुरक्षावालेच देतात आणि त्यांच्याकडे उत्तरं ठरलेली असतात, कुंपण, बंदोबस्त, जमावबंदी. याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे आपलं लातूर. मार्च २०१६, मांजरा धरण कोरडं, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी टँकर भरायच्या जागा, विहिरी यांच्या आसपास कलम १४४ लावलं, पाचाहून जास्त माणसं जमायची नाहीत. पाण्यावर जमावबंदी! एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, जलदूत, पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर, तिचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. आता प्रशासनाच्या बाजूने बघितलं तर टँकरभोवती हाणामारी होत होती, कुणाचं डोकं फुटण्यापेक्षा १४४ बरं, मान्य. पण १४४ ला एवढंच विचारता येतं की इथे किती माणसं उभी आहेत. टँकर का लागला, त्याच मराठवाड्यात उसाला किती पाणी गेलं, कारखाने कुणाचे, बोअर कुणी किती खोल नेले, हे प्रश्न त्या कलमात बसतच नाहीत. रांगेत घागर घेऊन उभी असलेली बाई तेवढी बसते.

परदेशातही हेच होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. सीरियातलं युद्ध दुष्काळामुळे पेटलं, सुदानमधल्या दारफूरचा हिंसाचार पाऊस कमी झाल्यामुळे, असं म्हणायची एक लाटच आली होती, खुद्द संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी, बान की मून यांनी, २००७ मध्ये दारफूरबद्दल तसा लेख लिहिला. अभ्यासकांमध्ये त्यावरून अजून भांडणं चालू आहेत. पण एक गोष्ट तर कुणालाही दिसेल की दुष्काळाला दोषी धरलं की सीरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष असद आणि सुदानच्या राजधानीतले, खार्तुममधले तेव्हाचे सत्ताधारी थोडे तरी सुटतात. पावसाला कोण कोर्टात खेचणार?

आता आपल्या सरकारकडे येते, कारण इथे खरी मजा आहे. १३ डिसेंबर २०२१, सोमवार. सुरक्षा परिषदेत आयर्लंड आणि नायजर यांनी ठराव आणला की हवामानबदलामुळे निर्माण होणारे सुरक्षेचे धोके परिषदेने आपल्या कामात कायमचे धरावेत. ११३ देश सहप्रस्तावक, परिषदेतले बारा बाजूने. रशियाने व्हेटो मारला, चीन तटस्थ, आणि विरोधात दुसरं मत कुणाचं, तर भारताचं. तेव्हा आमच्या ग्रुपवर नुसता संताप, लाज वाटते वगैरे, मीही दोन-चार रागावलेल्या इमोजी टाकल्या. पण नंतर भारताच्या प्रतिनिधीचं भाषण शांतपणे वाचलं आणि खरं सांगायचं तर मला ते बरंचसं पटलं. मुद्दा असा की हवामानाचा निर्णय जिथे सगळे देश बसतात तिथे व्हावा, पाच व्हेटोवाल्यांच्या खोलीत नको, आणि ज्यांनी दीडशे वर्षं धूर सोडला त्यांनी आधी पैशाचं दिलेलं वचन पाळावं, विषयाला सुरक्षेचा रंग देऊन त्यातून सटकू नये. यात चूक काय आहे? श्रीमंत देश जबाबदारीबद्दल बोलायचं सोडून धोक्याबद्दल बोलायला लागले की गरीब देशातला माणूस पीडित राहत नाही, तोच धोका होऊन बसतो. डोंबिवलीच्या हॉलमध्ये मी हेच करून बसले होते.

पण थांबा. दुसऱ्या दिवशी काय झालं बघा. १४ डिसेंबर २०२१, मंगळवार, दिल्ली. चारधाम रस्त्याचा सुप्रीम कोर्टाचा निकाल. जवळजवळ नऊशे किलोमीटरचा हा हिमालयातला रस्ता, ५३ तुकड्यांत विभागलेला, आणि इतक्या मोठ्या प्रकल्पाचा अख्खा मिळून पर्यावरण अभ्यास झालाच नाही कारण कागदोपत्री तो एक प्रकल्प नव्हताच. २०२० मध्ये कोर्टाने डोंगरातल्या रस्त्याची रुंदी साडेपाच मीटर ठरवली होती, रस्ते मंत्रालयाच्याच २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे. मग संरक्षण मंत्रालय कोर्टात आलं. चीनची सीमा आहे, रणगाडे, रॉकेट लाँचर, क्षेपणास्त्रं न्यायची आहेत, दहा मीटर पाहिजेत. आणि कोर्टाने सीमेकडे जाणाऱ्या तीन रस्त्यांसाठी दहा मीटरला परवानगी दिली, सैन्याच्या गरजा काय असाव्यात हे आम्ही ठरवू शकत नाही असं म्हणून. त्याच वर्षी फेब्रुवारीत चमोलीत ऋषीगंगेचा तो लोंढा आलेला, दोनशेच्या वर माणसं मेली किंवा बेपत्ता. या रस्त्यासाठी कोर्टाने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष रवी चोप्रा, आयुष्य हिमालयात काढलेला माणूस, दीड महिन्यात राजीनामा देऊन मोकळे झाले.

म्हणजे सोमवारी न्यूयॉर्कला आपण सांगितलं की हवामानबदल हा सुरक्षेचा प्रश्न नाही, आणि मंगळवारी दिल्लीत निकाल लागला की सुरक्षेचा प्रश्न असेल तर डोंगराने थोडं थांबावं. दोन्ही वाक्यं आपापल्या जागी बरोबर वाटतात हीच तर गोची आहे.

इथे आमच्यातले हुशार लोक काय करतात ते सांगते, कारण मीही ते केलंय. आम्ही म्हणतो, अहो, दर पावसाळ्यात दरड कोसळून बंद पडणारा रस्ता सैन्याच्या तरी काय कामाचा, डोंगर टिकला तर रणगाडा जाईल, म्हणजे पर्यावरण हीच खरी सुरक्षा! टाळ्या. लॉजिकली बरोबरच आहे ते. पण त्यात आपण कबूल करून टाकतो की डोंगराची, त्याखालच्या गावाची, नदीची किंमत ठरवायची फूटपट्टी एकच, रणगाडा जातो का. उद्या इंजिनिअरने सांगितलं की काँक्रीट ओतून दरड थांबवतो, रणगाडा जाईल, मग आपल्याकडे बोलायला काय उरलं?

हा सापळा किती खोल आहे ते सोनम वांगचुक यांच्याकडे बघून कळतं. मला त्यांच्याबद्दल आदर आहे आणि म्हणूनच हे लिहिताना जरा जड जातंय. बर्फाचे स्तूप करून उन्हाळ्यासाठी पाणी साठवणारा माणूस. २०२० मध्ये गलवानला चिनी सैन्याशी चकमक झाली त्या सुमारास चिनी माल सोडा म्हणून त्यांचा व्हिडिओ घरोघरी फिरला, माझ्या सासूबाईंनी मला तीनदा फॉरवर्ड केला होता. २०२१ मध्ये त्यांनी जवानांसाठी सूर्याच्या उष्णतेवर गरम राहणारा तंबू बनवला. मार्च २०२४ मध्ये लेहमध्ये उघड्यावर, शून्याखालच्या थंडीत, मीठ-पाण्यावर एकवीस दिवसांचं उपोषण केलं, नाव दिलं क्लायमेट फास्ट, मागण्या लडाखला राज्यघटनेच्या सहाव्या परिशिष्टाचं संरक्षण, म्हणजे आदिवासी भागाला आपल्या जमिनीबद्दल स्वतः ठरवायचा अधिकार, राज्याचा दर्जा वगैरे. आणि त्या सगळ्या काळात त्यांचं एक आर्ग्युमेंट कायम होतं की लडाखी माणूस सीमेचा पहारेकरी आहे, तो नाराज असेल तर देशाची सीमा कमकुवत होते, चांगथांगच्या पश्मिनावाल्या मेंढपाळांची कुरणं एकीकडे चीनकडे आणि दुसरीकडे कंपन्यांकडे चाललीत. एप्रिलमध्ये ते सीमेकडे पश्मिना मार्च काढणार होते, प्रशासनाने लेहमध्ये १४४ लावलं, इंटरनेटचा वेग कमी केला, मार्च रद्द झाला.

सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा उपोषण. २४ तारखेला लेहमध्ये हिंसाचार झाला, चार माणसं गेली. २६ ला वांगचुक यांना अटक, कायदा कुठला, तर राष्ट्रीय सुरक्षा कायदा, रासुका, आणि रवानगी थेट जोधपूरच्या जेलमध्ये. पोलिसांनी पत्रकार परिषदेत पाकिस्तानचा विषय काढला, ते फेब्रुवारीत इस्लामाबादला जाऊन आले होते म्हणून. कशाला गेले होते, तर हवामानबदलावरच्या परिषदेला. आता हिमनद्यांचं पाणी सिंधूतून खाली कुठे जातं हे भूगोलाच्या चौथीच्या पुस्तकात आहे, हिमनदीवर बोलणारा माणूस कधी ना कधी पाकिस्तानातल्या माणसाशी बोलणारच. पण सुरक्षेच्या नकाशात नदी नसते, फक्त रेषा असते.

ज्या दिवशी ही बातमी आली त्या दिवशी माझ्या मनात आलं की पाच वर्षं देशभक्तीच्या पिचवर खेळलेला हा माणूस, चांगला खेळला, पण अंपायर सरकारचा होता. त्याने बोट वर केलं, संपलं. आता कुणी म्हणेल, मग काय ते देशभक्तीचं बोलले नसते तर सुटले असते का? बहुधा नाही. उलट त्या तंबूमुळे आणि त्या व्हिडिओमुळेच इतकी वर्षं त्यांना कुणी हात लावला नसेल, हेही शक्य आहे. मी एवढंच म्हणते की लडाखची मागणी मुळात अशी होती की आमच्या जमिनीबद्दल आम्हाला विचारा. ती मागणी सीमेवर एकही चिनी सैनिक नसता तरी तितकीच न्याय्य राहिली असती. ती आपल्याला न्याय्य वाटायला चीन लागला, हे आपल्याबद्दल काय सांगतं.

आणि छोट्या कार्यकर्त्यांचं तर विचारूच नका. जुलै २०२० मध्ये फ्रायडेज फॉर फ्यूचर या तरुणांच्या हवामान चळवळीतल्या भारतातल्या पोरांनी पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या नव्या मसुद्याविरोधात तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांना ढिगाने ईमेल पाठवले. मंत्र्यांची तक्रार गेली, दिल्ली पोलिसांनी वेबसाइट बंद करायची नोटीस काढली, आणि त्या नोटिशीत यूएपीए होता. दहशतवादविरोधी कायदा, ईमेलसाठी! नंतर पोलीस म्हणाले चुकून ते कलम लागलं, नोटीस मागे घेतली. बरं ज्या मसुद्यावरून हे सगळं, त्यातही एक तरतूद होती की सरकारने एखाद्या प्रकल्पाला सामरिक म्हटलं की त्याची माहिती जाहीर करायची गरजच नाही. म्हणजे प्रकल्पही सुरक्षा आणि त्यावर बोलणाराही सुरक्षा, फक्त एक इकडून आणि एक तिकडून.

मग फेब्रुवारी २०२१, शेतकरी आंदोलनाच्या पाठिंब्यावरून झालेलं टूलकिट प्रकरण. बावीस वर्षांची दिशा रवी बेंगळुरूहून उचलली, देशद्रोहाचं कलम, दहा दिवसांनी जामीन. त्यात मुंबईची एक वकील आणि बीडचा एक इंजिनिअर पोरगाही होता, ते बीड ऐकल्यावर आमच्याकडे सगळेच जरा चपापले, कारण तोवर हे सगळं दूर दिल्लीत चाललंय असं वाटत होतं. टूलकिट म्हणजे काय असतं हो, एक गूगल डॉक. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवरचाही एक डॉक कुणीतरी गुपचूप डिलीट केला. त्यात होतं काय तर पोस्टरची साइझ, तीन घोषणा, स्टेशनबाहेर कुठे उभं राहायचं, पाण्याच्या बाटल्या कोण आणणार, आणि शेवटी "रेनकोट आणा". कुणी डिलीट केला ते आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही, आणि खरं तर कुणी विचारलंही नाही. त्यानंतर दोन जण हळूच ग्रुपमधून बाहेर पडले, एकाच्या घरी व्हिसाची प्रोसेस चालू होती.

ब्रिटनमध्येही काही वेगळं नाही. १ मे २०१९ ला तिथल्या संसदेने क्लायमेट इमर्जन्सी जाहीर केली, चळवळीचा केवढा मोठा विजय म्हणून आम्ही केक कापायचा बाकी ठेवला होता. आणि जुलै २०२४ मध्ये त्याच देशात पाच कार्यकर्त्यांना चार ते पाच वर्षांची शिक्षा झाली, लंडनभोवतीचा हायवे अडवायचा कट केला म्हणून, पुराव्यात मुख्य काय तर झूम कॉल. पुढे अपिलात शिक्षा थोड्या कमी झाल्या. त्याच्या आधी फ्रान्स. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसवर दहशतवादी हल्ला झाला, आणीबाणी लागली, आणि दोन आठवड्यांनी तिथेच हवामान परिषद होती तर त्या आणीबाणीच्या अधिकारात मोर्चे बंद आणि चोवीस पर्यावरण कार्यकर्ते घरात नजरकैदेत.

यावरून आठवलं. २०१९ मध्ये आम्ही उत्साहात "हवामान आणीबाणी जाहीर करा" असं मराठी पोस्टर केलं होतं. इमर्जन्सीला मराठीत दुसरा शब्द सुचेना. आमच्या इमारतीत एक आजोबा राहायचे, समाजवादी, पंच्याहत्तर साली मिसाखाली येरवड्यात राहून आलेले. त्यांनी जिन्यात ते पोस्टर बघितलं आणि म्हणाले, "बाळांनो, आणीबाणी लागली की पहिले आत कोण जातं माहितेय का? पोस्टर चिकटवणारे." आम्ही हसलो. इंग्रजीत तो शब्द फायर ब्रिगेडचा वाटतो, आपल्याकडे त्याला तुरुंगाचा वास आहे आणि तो वास ज्यांना आला ते आपल्यातच होते, आपण विचारलं नाही.

तसाच संरक्षण हा शब्द. मराठीत पर्यावरणाचं पण संरक्षण आणि मंत्रालय पण संरक्षण. २०२३ मध्ये वन संवर्धन कायदा बदलला, तर आता आंतरराष्ट्रीय सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतले राष्ट्रीय सुरक्षेचे रस्ते, रेल्वे वगैरे त्या कायद्यातून बाहेर. ईशान्य भारतातली कितीतरी राज्यं त्या शंभरात जवळजवळ पूर्ण बसतात. सुरक्षेच्या बांधकामांना दहा हेक्टरपर्यंत सूट, आणि माओवादग्रस्त भागात सार्वजनिक सोयींसाठी पाच हेक्टरपर्यंत, म्हणजे आपलं गडचिरोली. वनसंरक्षणात राष्ट्रसंरक्षणाने मारलेली ही मोठी फट आहे आणि तिच्यावर मराठी पेपरात किती लिहून आलं ते तुम्हीच आठवून बघा. ग्रेट निकोबार बेटावरच्या बंदर-विमानतळाच्या प्रकल्पाचं तर काय बोलायचं, १३० चौरस किलोमीटर जंगल जाणार, तिथल्या शोंपेन आदिवासींचं घर जाणार, गलाथियाच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या त्या अवाढव्य कासवांचं काय होणार देव जाणे, आणि प्रकल्प तपासायला नेमलेल्या समितीचा अहवाल मागितला तर सामरिक महत्त्वाचा आहे, देता येत नाही.

महाराष्ट्रात जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांत पास झालं. सरकार म्हणतं ते शहरी नक्षलवादासाठी आहे, तुमच्यासारख्यांना भ्यायचं कारण नाही. ठीक. पण बेकायदेशीर कृत्याची जी व्याख्या आहे तिच्यात कायदा पाळू नका असं लोकांना सांगणं, सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका अशा जातीचे ऐसपैस शब्द आहेत. १९३० ला रायगडमधल्या चिरनेरच्या लोकांनी जंगल सत्याग्रहात जे केलं ते याच शब्दांत बसतं. २०१९ ला आरेमध्ये रात्रीत झाडं तोडायला सुरुवात झाली तेव्हा धावलेली पोरं, त्यातल्या २९ जणांना अटक झाली, कॉलेजची पोरं होती त्यात, तीही कुणी बसवायची म्हटली तर बसतील. बसवतीलच असं मी म्हणत नाही. जागा मात्र आहे.

आता माझी एक मैत्रीण, जी अजूनही सियाचीनची स्लाइड वापरते, ती म्हणते तू सगळं बरोबर बोलतेस पण लोक ऐकत नाहीत त्याचं काय, अस्वल दाखवून अख्खं दशक गेलं. तिचा मुद्दा खोटा नाही. मी तिला फक्त एक विचारते, हवामान आणि सुरक्षा असं बोलणाऱ्या एवढ्या सभांमध्ये सैन्यांच्या स्वतःच्या धुराबद्दल कधी ऐकलंयस का? क्योटो कराराच्या वेळी अमेरिकेच्या आग्रहाने लष्करी इंधनाचा मोठा भाग हिशोबाबाहेर ठेवला गेला, पॅरिस करारात तो सांगायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. तेल पिणाऱ्या संस्थांमधलं जगातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, म्हणजे अमेरिकेचं लष्कर, स्टेजवर बसून धोक्याबद्दल भाषण देतं आणि आपण त्याला शाल-श्रीफळ देतो. या फ्रेममध्ये तो प्रश्न विचारताच येत नाही, विचारला तर तुम्हीच संशयित.

आणि लोक दुसऱ्या भाषेत ऐकतच नाहीत हेही तितकंसं खरं नाही. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या उन्हाने हाहाकार केला, त्यानंतर २०१३ मध्ये त्यांनी शहराचा उष्णतेचा आराखडा केला, त्यात कुठे राष्ट्रीय सुरक्षा नाही, पाणपोया, दवाखान्यात बर्फाच्या पिशव्या, दुपारी काम बंद, एवढंच. मार्च २०२४ मध्ये माळढोकच्या केसमध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा कलम १४ आणि २१ खालचा हक्क आहे. पुढच्याच महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या आज्जीबाईंनी युरोपच्या मानवी हक्क कोर्टात स्वतःच्या सरकारला हरवलं, मुद्दा एवढाच की उन्हाळ्यात आम्हाला त्रास होतो, आम्ही मरतो, तुम्ही पुरेसं करत नाही. हक्क म्हटलं की बोट सरकारकडे जातं. सुरक्षा म्हटलं की सरकारचं बोट आपल्याकडे येतं.

मी माझ्या पीपीटीतून सियाचीन काढलं. त्या जागी खारघर टाकलं. १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्र भूषणचा कार्यक्रम, लाखो माणसं भर उन्हात मैदानात बसलेली, स्टेजवर छप्पर, मैदानावर आभाळ, आणि चौदा माणसं गेली. त्या दिवशी तिथे सुरक्षेची काही कमतरता नव्हती, बंदोबस्त चोख होता. सावली नव्हती. ही स्लाइड आली की हॉलमध्ये खुर्च्या सरकत नाहीत, एक विचित्र शांतता होते, कारण निम्म्या लोकांचं कुणी ना कुणी त्या मैदानात होतं.

मागच्या एप्रिलमध्ये त्याच डोंबिवलीच्या हॉलमध्ये पुन्हा गेले. कंपोस्टवाले काका होतेच, आता जरा थकलेत. खारघरची स्लाइड बघून बराच वेळ गप्प राहिले आणि मग मला नाही, सेक्रेटरींना म्हणाले, "आपल्या गेटवर तो वॉचमन बसतो, त्याच्या केबिनला पत्रा आहे ना हो? दुपारी हात लावून बघा एकदा." सेक्रेटरी म्हणाले पंखा आहे. कुणीतरी म्हणालं तो बंद आहे, दिवाळीपासून. मग हिरवी जाळी लावायची का वर थर्माकोल घालायचा यावर वीस मिनिटं चर्चा, वॉचमनला बोलवायचं कुणाला सुचलं नाही, तो बाहेर गेटवर होता. शेवटी खजिनदारांनी वही उघडली आणि विचारलं, खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा, सिक्युरिटीच्या का?